चरे, चिखल आणि न दिसणारी फोल्डरं

मागच्या अंकात जुन्या सीडी-डीव्हीडीवरचा मजकूर कसा वाचवायचा याबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत लग्नाच्या व्हीसीड्यांचाच भरणा आहे आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. सांगलीत लग्नाच्या व्हिडिओंच्या मिक्सिंगचं काम करायचे तेव्हा लग्नसराईत माझ्या टेबलावर त्यांची चळत लागलेली असायची. पुढे तीच गिऱ्हाइकं “ताई, लागत नाही हो” म्हणत परत येऊ लागली आणि दुरुस्तीचं काम मागे लागलं. बहुतेक पत्रांत “डेटा गेला का?” असं विचारलंय. त्याआधी दोष कुठे आहे ते बघावं लागतं: प्लास्टिकवर, आतल्या रंगाच्या थरात, की नुसत्या अनुक्रमणिकेत, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याच्या यादीत. तिन्हींचे इलाज वेगळे. निवडक पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : ताई, २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला आमच्या घरात पाणी शिरलं. तेव्हा आवरताना बांधून ठेवलेल्या एका पिशवीत आता आमच्या लग्नाच्या तीन व्हीसीड्या सापडल्या. लग्न २००४ चं. चिखल वाळून घट्ट बसलाय, कागदी पाकिटं चिकटली आहेत. एक धुऊन पुसून लावली तर मंगलाष्टकांच्या आधीच अडकते. कॉम्प्युटरवर कॉपी करायला गेलं की ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असं काहीतरी येऊन सगळं थांबतं. सासूबाई आता नाहीत, त्यांचं चालतंबोलतं चित्र फक्त यातच आहे.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : उरलेल्या दोन सीड्यांना आधी हात लावू नका. पुराचा गाळ म्हणजे बारीक वाळूच, कोरडा पुसला की पॉलिश पेपर फिरवल्यासारखे चरे पडतात. पसरट भांड्यात कोमट पाणी घ्या, भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब टाका आणि सीडी पाकिटासकट बुडवून ठेवा. कागद आपोआप सुटेपर्यंत थांबा. पाणी गढूळ झालं की बदला. नखाने खरवडायचं नाही, छापील बाजूला तर अजिबात नाही. लोक चकचकीत बाजू जपतात आणि सीडी खुशाल छापील बाजूवर घासत ठेवतात. खरं तर नाजूक बाजू ती. सीडीचं प्लास्टिक १.२ मिलिमीटर जाड असतं, पण माहिती असलेला थर आणि त्यामागचा धातूचा पातळ आरसा हे दोन्ही छापील बाजूला, काही मायक्रॉन जाडीच्या लॅकरखाली असतात. खालून पडलेला चरा प्लास्टिकात राहतो. वरून पडलेला चरा थेट माहितीच खरवडून नेतो.

चिखल सुटला की स्वच्छ पाण्यातून काढा आणि मऊ सुती फडक्याने टिपा. पुसायचंच झालं तर मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. ताट पुसल्यासारखं गोल गोल नको. माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एकाच लांबलचक सर्पिल वाटेवर असते. आडवा चरा त्या वाटेला प्रत्येक फेऱ्यात क्षणभरच छेदतो, आणि वाटेवरची साधारण अडीच मिलिमीटरची खिंड सीडीची चूकदुरुस्ती स्वतःच भरून काढते. वाटेच्या दिशेने गेलेला गोल चरा मात्र तिला झेपत नाही. सीडी सावलीत, उभी ठेवून वाळवा. उन्हात नको, राइट केलेल्या सीडीत माहिती रंगाच्या थरात लेझरने भाजलेली असते आणि तो रंग उन्हाने उडतो.

वाळली की बल्बसमोर धरून बघा. छापील थरातून सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला आरसा गेला आहे आणि तेवढा भाग कोणालाही परत आणता येणार नाही. ठिपके दोन-चारच असतील तर काळजी नको.

आता ते अडकणं. सीडीवरची माहिती सेक्टर नावाच्या छोट्या, सारख्या तुकड्यांत असते. साध्या डेटा सीडीवर प्रत्येक सेक्टरमध्ये २०४८ बाइट माहिती आणि शिवाय चूकदुरुस्तीचा एक जादा थर असतो. व्हीसीडीत चित्र जास्त बसावं म्हणून व्हिडिओच्या सेक्टरांमधला हा जादा थर काढून टाकला आणि माहिती २३२४ बाइटपर्यंत वाढवली. म्हणून तोच चरा डेटा सीडीला चालतो आणि व्हीसीडीला चालत नाही. विंडोजला यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी ती एक फाइल असते, एक सेक्टर वाचता आला नाही की ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ म्हणत ते सगळी कॉपी सोडून देतं. पण व्हीसीडी सेकंदाला ७५ सेक्टर वाचते. म्हणजे दोनशे सेक्टर गेले तरी तीनेक सेकंद चित्राचे चौकोन होतील, आवाज तुटेल आणि पुढे सासूबाई दिसू लागतील.

म्हणून खराब सेक्टर ओलांडून पुढे जाणारा, ट्रॅक कच्च्या रूपात वाचणारा प्रोग्राम लागतो. विंडोजवर मी आयसोबस्टर वापरते. त्यात व्हीसीडीवर व्हिडिओ म्हणून दिसणारी डॅट फाइल उचलायची नाही. व्हिडिओचा ट्रॅक निवडून फक्त एमपेग चित्र गाळून काढायचा पर्याय घ्यायचा आणि न वाचलेल्या जागी शून्य भरायला सांगायचं. लिनक्सवर व्हीसीडीएक्सरिप हेच काम करतं. डेटा डिस्कसाठी नावाजलेलं डीडीरेस्क्यू इथे चालत नाही. ते २०४८ च्या हिशेबाने वाचायला जातं आणि धडधाकट व्हीसीडीवरही चुका दाखवतं. त्यावरून सीडी मेली असं ठरवून बसलेले लोक माझ्याकडे आले आहेत. निघालेली एमपीजी फाइल व्हीएलसीमध्ये लावून बघा.

सुरुवातीची चार-पाच मिनिटं गेलीच तर फार वाईट वाटून घेऊ नका. तिथे बहुधा गणपती, पडणाऱ्या पाकळ्या आणि बदामाच्या आकारात फिरणारे तुमचे फोटो असतील. ते नुकसान आम्हा मिक्सिंगवाल्यांच्या कलाकुसरीचं.

आणि माहेरी फोन करा. त्या काळी दोन्ही पक्षांना एकेक सेट द्यायची पद्धत होती. माहेरचा सेट पुरातून वाचला असेल तर हा सगळा खटाटोप फक्त राहिलेल्या खिंडी बुजवण्यापुरता उरेल.

प्रश्न : मुलाच्या मुंजीचं शूटिंग २००७ मध्ये छोट्या डीव्हीडीवर चालणाऱ्या कॅमेऱ्याने केलं होतं. कॅमेरा बिघडून केव्हाच भंगारात गेला. काही डिस्क टीव्हीच्या प्लेअरवर चालतात, पण दोन डिस्कना तो ‘नो डिस्क’ म्हणतो. कॉम्प्युटरमध्ये घातल्या तर विंडोज ‘फॉरमॅट करू का?’ विचारतं. करू का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. तो चौकोन बंद करा आणि डिस्क बाहेर काढा.

ट्यूबलाइटखाली डिस्क तिरपी धरा. डीव्हीडी-आर असेल तर आतल्या बाजूला एक गडद पट्टा आणि बाहेर फिकट पट्टा दिसेल. गडद भाग भरलेला, फिकट कोरा. पट्टा दिसला म्हणजे मुंज तिथे आहे. तुमच्या दोन डिस्क ‘फायनलाइझ’ करायच्या राहिल्या आहेत. शूटिंग झाल्यावर कॅमेऱ्यात तो पर्याय द्यावा लागायचा, तेव्हा डिस्कच्या आतल्या कडेला इतर यंत्रांना वाचता येईल असा लीड-इन (डिस्कची ओळख सांगणारा सुरुवातीचा भाग) आणि अनुक्रमणिका लिहिली जायची. जेवणाच्या पंगती उठेपर्यंत बॅटरी संपलेली असायची आणि हे राहून जायचं. कॅमेऱ्याला स्वतःच्या नोंदी कळायच्या, त्यामुळे घरी कॅमेरा टीव्हीला जोडून बघताना कोणाला काही चुकलंय असं वाटायचंच नाही.

बाजारात तसाच जुना कॅमेरा शोधून त्यात फायनलाइझ करा, असा सल्ला तुम्हाला कोणी तरी देईल. मी तो शेवटी ठेवते. फायनलाइझ करणं म्हणजे डिस्कवर नव्याने लिहिणं, आणि अनेक वर्षं पडून असलेल्या कॅमेऱ्याच्या लेझरवर माझा तेवढा विश्वास नाही. आधी वाचून काढा. त्यासाठी कॉम्प्युटरला डीव्हीडी रायटर हवा. नुसत्या वाचणाऱ्या डीव्हीडी-रॉम ड्राइव्हला फायनलाइझ न केलेली डिस्क बहुधा कोरीच दिसते. ड्राइव्ह ट्रेचा घ्या. ट्रेच्या मध्यभागी आठ सेंटीमीटरच्या डिस्कसाठी खोलगट वर्तुळ असतं. फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये छोटी डिस्क घातलीत तर ती काढायला स्क्रूड्रायव्हर लागेल.

इथेही आयसोबस्टर कामाला येतं. विंडोजला रिकाम्या वाटणाऱ्या डिस्कवरचे ट्रॅक ते दाखवतं आणि त्यातून व्हीओबी, म्हणजे डीव्हीडीवरच्या व्हिडिओच्या फाइली शोधतं. काय सापडलं ते आधी बघता येतं, बरंचसं बाहेर काढायला मात्र परवाना विकत घ्यावा लागतो. मिळालेल्या फाइली व्हीएलसीत चालल्या की काम झालं. तुकडे मागेपुढे लागले तर क्रम कपड्यांवरून लावा. मुंजीत ते सोपं जातं: केस असलेला मुलगा आधी, गोटा केलेला नंतर.

डिस्कच्या चकचकीत बाजूवर बारीक आयतांची नक्षी दिसत असेल तर ती डीव्हीडी-रॅम, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहिता येणारा वेगळा प्रकार आहे. मग रायटर रॅम वाचणारा आहे ना, एवढं विकत घेण्याआधी विचारा.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेचं सगळं साहित्य (पेजमेकरच्या फाइली, स्कॅन केलेले जुने फोटो) २००६ मध्ये एका दुकानातून डीव्हीडीवर ‘मारून’ घेतलं होतं. दोन प्रती केल्या. दोन्हींवर शेवटची फोल्डरं उघडत नाहीत, आधीची उघडतात. डिस्कवर एकही चरा नाही, त्या कपाटातून कधी बाहेरच निघाल्या नव्हत्या.
— वाचनालयाचे एक कार्यवाह, अंबाजोगाई

उत्तर : चरा नाही आणि शेवटचंच जातंय, म्हणजे राइट करतानाच गडबड झालेली दिसते. डीव्हीडी आतून बाहेर भरत जाते. जास्तीत जास्त वेगाने राइट करताना डिस्क सारख्याच फेऱ्यांनी फिरते, त्यामुळे बाहेरच्या कडेला लेझरखालून जाणारा वेग आतल्यापेक्षा सुमारे २.४ पट होतो. स्वस्तातली डिस्क असेल तर तिथे रंग नीट भाजला जात नाही. दुकानात रांग लागलेली, पडद्यावर हिरवी बरोबरची खूण आली की डिस्क पाकिटात. लिहिलेलं परत वाचून ताडून बघायचा पर्याय असायचा, पण त्याला जवळजवळ तेवढाच वेळ जास्त लागायचा म्हणून तो बंद ठेवलेला असायचा. त्या दिवशी काठावर पास झालेला भाग इतक्या वर्षांत रंग आणखी फिका होऊन नापास झाला.

तुमचं नशीब असं की प्रती दोन आहेत. फोल्डर उघडायची धडपड थांबवा आणि डीडीरेस्क्यूने डिस्कची एक पूर्ण प्रतिमा बनवा, म्हणजे सगळे सेक्टर ओळीने एका फाइलमध्ये. पहिल्या फेरीत त्याला खराब भागाशी झगडू न देता पुढे जायला सांगा, चांगलं आहे ते आधी हाती लागू द्या. कुठे काय राहिलं याचा नकाशा ते वेगळ्या फाइलमध्ये लिहीत जातं. दुसऱ्या फेरीत फक्त राहिलेल्या जागांवर दोन-तीन प्रयत्न. मग तोच नकाशा आणि तीच प्रतिमा घेऊन दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये तीच डिस्क लावा. फिकट राइट झालेली डिस्क एका ड्राइव्हला दिसत नाही आणि दुसऱ्याला दिसते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता माझ्या टेबलावर वेगवेगळे ड्राइव्ह कायम जोडलेले असतात. त्यानंतर तोच नकाशा घेऊन दुसरी प्रत लावा. पहिलीवर न वाचलेले सेक्टर दुसरीवरून भरले जातील.

यात एक अट आहे. दोन्ही प्रती एकाच वेळी, एकाच मांडणीतून राइट झालेल्या असल्या पाहिजेत, तरच पहिलीवरचा दहा हजारावा सेक्टर आणि दुसरीवरचा दहा हजारावा सेक्टर एकच असेल. दुकानदाराने प्रोग्राममध्ये प्रती दोन असं सांगितलं असेल तर प्रश्न नाही. एक डिस्क आज आणि दुसरी आठवड्याने नव्याने फाइली ओढून केली असेल तर मिश्रणाची खिचडी होईल. डिस्कच्या नोंदीत तयार झाल्याची तारीख-वेळ असते, दोन्हींवर ती सेकंदापर्यंत जुळते का पाहा. न जुळल्यास दोन वेगळ्या प्रतिमा करा आणि फाइली हाताने निवडा.

नकाशात बारीक छिद्रं न दिसता ३२ किलोबाइटचे तुकडे गायब दिसतील. डीव्हीडी सोळा सेक्टरांची मिळून एकत्र चूकदुरुस्ती करते, ती हरली की सोळाही जातात. जेपेगमध्ये असा तुकडा गेला तर खालचा फोटो करडा होतो किंवा रंग सरकतात, पण वरचा भाग हाती लागतो. अनुक्रमणिकाच वाचता आली नाही तर प्रतिमेवर फोटोरेक चालवा. ते फोटो नावाने शोधत नाही, फाइल जिथून सुरू होते तिथले ठरावीक बाइट शोधतं. डिस्कवर फाइली सहसा सलग लिहिलेल्या असतात, त्यामुळे हार्डडिस्कपेक्षा इथे ते बरंच यशस्वी होतं. नावं मात्र जातात. शंभर वर्षांच्या समारंभांचे फोटो ओळखायला वाचनालयातल्या जुन्या सभासदांना बोलवावं लागेल.

पेजमेकरची फाइल उघडली आणि मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसला, तर डिस्कला दोष देऊ नका. तेव्हाचं काम बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये झालेलं असेल, युनिकोडमध्ये नाही. फॉन्ट टाकला की मजकूर जागेवर येतो. छापखान्याला पाठवलेली पीडीएफ डिस्कवर सापडली तर आधी ती उचला, तिच्यात फॉन्ट बहुधा सोबत भरलेले असतात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. शाळेच्या स्नेहसंमेलनांचे फोटो दरवर्षी त्याच एका सीडीत भरत गेलो, जागा शिल्लक असायची म्हणून. आता सीडी व्यवस्थित उघडते, पण फक्त शेवटच्या वर्षाचे फोटो दिसतात. बाकीचे पुसले गेले असतील का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गुरुजी, एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीवर पुसणं हा प्रकारच नाही. दरवर्षी तुम्ही भरलंत ते एकेक ‘सेशन’, आणि प्रत्येक सेशनला स्वतःची अनुक्रमणिका असते. नवं सेशन लिहिताना प्रोग्रामला ‘आधीचं सेशन आयात कर’ असं सांगितलं तर नव्या अनुक्रमणिकेत जुन्या फाइलींची नोंद येते. नाही सांगितलं तर ती फक्त नव्यांचीच असते, आणि विंडोज शेवटची अनुक्रमणिका वाचून मोकळं होतं. आयसोबस्टरमध्ये डाव्या बाजूला सगळी सेशनं एकाखाली एक दिसतील, हवं ते उघडून फोटो बाहेर काढा. घरात कोणाकडे लिनक्स असेल तर माउंट करताना सेशनचा क्रमांक दिला तरी पुरे. तुमचे सगळे फोटो तिथेच आहेत.

प्रश्न : टूथपेस्ट लावून सीडी घासली की चरे जातात, असं मोबाइलवर आलं होतं. खरं का? आमच्याकडच्या एका सीडीला मधल्या भोकापाशी बारीक तडाही आहे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते. ती चऱ्याच्या धारदार कडा बोथट करते, म्हणून कधीकधी सीडी लागते. प्लास्टिकच्या पृष्ठभागावर लेझरचा ठिपका जवळपास ०.८ मिलिमीटर रुंद असतो आणि आतल्या थरावर येताना तो शेकडो पटींनी बारीक होत जातो, त्यामुळे वरचे केसाएवढे चरे त्याला तसेही फारसे आड येत नाहीत. खोल चऱ्यांना टूथपेस्ट पुरत नाही. आधी प्रतिमा काढून बघा, ती निघालीच नाही तर मग घासा, तेही आतून बाहेर. ब्लू-रेला मात्र कधीच नाही: तिथे माहितीवर फक्त ०.१ मिलिमीटरचं कवच असतं.

तडा गेलेली सीडी ड्राइव्हमध्ये घालू नका. ५२ पटीच्या वेगाला ती मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते, तडा कडेपर्यंत जातो आणि आतल्या आत ठिकऱ्या होतात. ड्राइव्ह जातो तो जातोच. फारच मोलाची असेल तर ती वेग कमी करून वाचणाऱ्या जाणकाराकडेच द्या.

प्रश्न : आईच्या एमआरआयची सीडी डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर उघडली नाही. परत स्कॅन करावं लागेल का?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : घाई करू नका. सीडीत डायकॉमडिर नावाची फाइल आणि शेपूट (.jpg सारखं) नसलेल्या नावांच्या ढीगभर फाइली दिसत असतील, तर सीडी बहुधा ठीक आहे. तिच्यासोबत दिलेला बघायचा प्रोग्राम नव्या विंडोजवर चालत नसेल. सगळं फोल्डर जसंच्या तसं पेनड्राइव्हवर घ्या आणि कोणत्याही डायकॉम व्ह्यूअरमध्ये, म्हणजे स्कॅनची चित्रं दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा. कॉपीच होत नसेल तर स्कॅन सेंटरला फोन करून तारीख आणि नोंदणी क्रमांक सांगा, त्यांच्या सर्व्हरवर असेल तर नवी प्रत देतील. येताना ती तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवायला सांगा.

प्रश्न : आमच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. बाहेरून लावायचा कोणता घेऊ?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : धडधाकट डिस्कसाठी यूएसबीवर चालणारा पातळ ड्राइव्ह पुरेल. आजारी डिस्कसाठी मी जुन्या डेस्कटॉपमधला जाड ड्राइव्हच पसंत करते. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कोपऱ्यात असे ड्राइव्ह पडलेले असतात, साटा (SATA) जोडणीचा मागून घ्या. त्यासोबत साटा ते यूएसबी अडॅप्टर लागेल, मात्र १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा असलेला. नुसत्या यूएसबीच्या विजेवर जाड ड्राइव्ह फिरत नाही. पैसे देण्याआधी घरची एखादी फिकट राइट झालेली डिस्क नेऊन दुकानातच लावून बघा.